घटिकापात्र

पाण्याच्या साह्याने कालमापन दोन रीतींनी होते. एकीत भरलेल्या भांड्यातील पाणी छिद्रावाटे गळू देतात. दुसरीत तळाला छिद्र असलेली रिकामी वाटी पाण्यावर सोडतात व ती भरून बुडण्याची वाट पाहतात. गळत्या भांड्यात पातळी उतरेल तसा धारेचा जोर ओसरतो. वाटीच्या बाबतीत ही अडचण उरत नाही, कारण मोजायच्या असतात त्या पूर्ण बुड्या, आणि प्रत्येक बुडी आधीच्या बुडीसारखीच असते. भारतात हीच दुसरी रीत रूढ झाली. तांब्याची अर्धगोल वाटी एकदा बुडण्याचा काळ म्हणजे घटिका, अर्थात २४ मिनिटे. अशा ६० घटिकांचे एक अहोरात्र.

खरा प्रश्न होता तो वाटी अचूक घडवण्याचा. जुन्या ज्योतिर्विदांनी दहा पले तांबे, सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे व्यास अशी मापे दिली. छिद्र पाडण्यासाठी चार अंगुळे लांबीची सोन्याची सुईही ठरवून दिली. इ.स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी मात्र ही मापे युक्तिहीन आणि प्रत्यक्षात आणण्यास अवघड म्हणून बाजूला सारली. वाटी कशीही असो, ती अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्या संख्येने अहोरात्राला भागावे, म्हणजे त्या वाटीचे मान मिळते, असे त्यांचे सांगणे. कारागिराच्या हातचुकीवर याहून सोपा उपाय क्वचितच सुचला असेल.

तरीही पाणी निवळ हवे, हा ‘सूर्यसिद्धान्ता’चा आग्रह योग्यच होता. कचऱ्याने छिद्र अंशतः बुजते. थंड पाणी अधिक दाट असल्याने बारीक छिद्रातून सावकाश शिरते. भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिच्या विवाहप्रसंगी पात्रात मोती पडून मुहूर्त टळल्याची कथा याच दोषावर बेतलेली आहे. ती फैजीच्या १५८७ मधील फारसी अनुवादात येते. इतिहास म्हणून तिला आधार नाही.

बुडी झाली की घडियाळजी टांगलेल्या धातूच्या थाळीवर ठोके देत. रात्री नुसत्या घटिकांचे ठोके ऐकून प्रहर कळत नसे, म्हणून बाबराने प्रहराचे ठोकेही जोडून देण्याचा हुकूम केल्याचे त्याच्या आत्मचरित्रात नमूद आहे. ही थाळी म्हणजेच घडियाळ. मराठीत ‘तास’ या शब्दाचाही एक अर्थ ठोके देण्याची थाळी असाच आहे.

महाराष्ट्रात लग्नघरी पाण्याने भरलेल्या घंगाळात घटिकापात्र सोडण्याची चाल मनगटी घड्याळे आल्यावरही काही काळ टिकून होती. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार या वाटीचाच.