थिबा राजाचा बंदिवास व प्रजेची नैतिक जबाबदारी

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा (१८५९–१९१६) याला इंग्रजांनी १८८६ पासून मृत्यूपर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवले. आपल्या सरकारने दुबळा देश लुटला तर त्याचे माप सामान्य माणसाच्या पदरात किती टाकायचे, या प्रश्नाचे कोकणातील हे ठळक उदाहरण. आरे-वारेचे किनारे पाहायला आलेले पर्यटक थिबा राजवाडाही पाहतात. तेथे राजाची करुण कहाणी कळते. त्याचे राज्य घेण्याचा खर्च कोणी भरला, हे सहसा कळत नाही.

युद्धाचे निमित्त सागवानाचे. ओंडके कमी दाखवून महसूल बुडवल्याचा ठपका ठेवून मंडाले येथील थिबाच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रज कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांच्या फौजा इरावती नदीतून वर चढल्या, पंधरवड्यात मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाले. थिबाच्या कारकिर्दीत, १८७९ साली, राजघराण्यातील अनेकांची कत्तल झाली होती. इंग्रजांनी तिचा पुरेपूर डांगोरा पिटला. पण राजा जुलमी ठरला म्हणून जंगल कंपनीचे होत नाही.

फौजेत बहुसंख्य शिपाई हिंदी, आणि खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोनावरून अडीच रुपये झाला, त्यामागे ब्रह्मदेशातील खर्च हे एक कारण होते. म्हणजे खोताच्या कुळाने पेजेत टाकलेल्या चिमूटभर मिठातूनही ही मोहीम फेडली जात होती. त्याला ना मत होते, ना कोणी विचारले होते. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ साली गुन्हेगारी दोष आणि राजकीय उत्तरदायित्व वेगळे केले. पण मतच नसलेल्या प्रजेला राजकीय उत्तरदायित्वही पुरते लागू करता येत नाही. ते लागते ब्रिटिश मतदाराला. दादाभाई नौरोजींचा सारा युक्तिवाद त्याच्याच दारात होता: कारभार तुमच्या नावाने चालतो, तेव्हा हिशेबही तुम्हीच पाहा.

हिंदी पुढारी अगदीच गप्प नव्हते. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनाने वरचा ब्रह्मदेश, म्हणजे थिबाचे राज्य, खालसा करण्यास विरोध केला. करायचाच तर सबंध ब्रह्मदेश सिलोनसारखा हिंदुस्थानापासून वेगळा ठेवावा, अशी मागणी केली. ठरावात ब्रह्मी जनतेच्या स्वातंत्र्यापेक्षा आपल्या तिजोरीची काळजी अधिक दिसते, हे मान्य करायला हवे. तरी शेजाऱ्याच्या लुटीत आपले नाव नको, एवढे त्यात आलेच.

पुढे लाभही वाटला गेला, तोही विषम. १९३० नंतरच्या मंदीत खालच्या ब्रह्मदेशातील शेतजमिनीचा सुमारे चौथा हिस्सा हिंदुस्थानातून आलेल्या चेट्टियार सावकारांकडे गेला. ब्रह्मी असंतोषाचा भडका मात्र त्याआधीच, मे १९३० मध्ये, रंगूनला उडाला होता. त्या दंगलीत मार बसला तो गोदीतल्या तेलुगू हमालांना.