एका हातपिशवीतील पृथ्वीप्रदक्षिणा

प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री घरात जो गोंधळ उडतो, त्याचा अनुभव कोणाला नाही? काशीयात्रेला निघणाऱ्या आपल्या वाडवडिलांबरोबर वळकटी असे, लोखंडी ट्रंक असे, फिरकीचा तांब्या असे, दशम्यांचे गाठोडे आणि लोणच्याची बरणी असे. आणि इतके सारे घेऊनही काहीतरी राहिलेच, ही रुखरुख स्टेशनापर्यंत सोबत येई. सामानात वस्तूंइतकीच भीतीही बांधलेली असते. परमुलखात आपले कसे होईल, या प्रश्नाला प्रत्येक जण आपल्या ट्रंकेच्या आकाराने उत्तर देतो. म्हणूनच एखाद्या प्रवाशाने बरोबर काय घेतले आणि काय मागे ठेवले, हे पाहणे इतिहासाच्या जिज्ञासूला उद्बोधक ठरते.

आज मी ज्या सामानाविषयी बोलणार आहे, ते सारे एका हातपिशवीत मावले होते. ती पिशवी सुमारे सोळा इंच रुंद आणि सात इंच उंच होती, आणि तिच्यासह पृथ्वीप्रदक्षिणा करणारी व्यक्ती होती पंचवीस वर्षांची एक अमेरिकन तरुणी. तिचे खरे नाव एलिझाबेथ कॉक्रन. पण न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्राचे वाचक तिला नेली ब्लाय या टोपणनावाने ओळखत. १८८७ साली वेडाचे सोंग घेऊन ती तेथील एका वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली होती आणि आतील स्त्रियांचे हाल तिने जगापुढे मांडले होते. हाती घेतलेले काम अर्धवट टाकणारी ही बाई नव्हे, हे तेव्हाच सर्वांना कळून चुकले होते.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने आपल्या नायकाला ऐंशी दिवसांत पृथ्वीभोवती फिरवून आणले, ते पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. ही कल्पना सर्वस्वी हवेतली नव्हती. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला. आणि १८७० साली मुंबई व कलकत्ता ही शहरे आगगाडीने जोडली गेली. रस्ता तयार होता. तो ऐंशी दिवसांपेक्षाही कमी काळात आक्रमता येईल, अशी नेलीची खात्री होती, आणि तिने तसे आपल्या वृत्तपत्राच्या चालकांना सुचवले.

त्यांनी नकार दिला, आणि त्या नकाराची कारणे लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले कारण असे की, स्त्रीला संरक्षक पुरुष बरोबर लागेल. दुसरे असे की, ती एकटी निघू शकली तरी तिच्याबरोबर इतके सामान असेल की बोटी आणि गाड्या बदलताना त्या सामानामुळेच खोळंबा होईल. तेव्हा हे काम पुरुषाचेच! नेलीने उत्तर दिले की, खुशाल पुरुषाला पाठवा. मी त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या पत्रातर्फे निघेन आणि त्याच्या आधी परत येईन. सुमारे वर्षभर ही गोष्ट तशीच पडून राहिली. मग नोव्हेंबर १८८९ मध्ये एका संध्याकाळी तिला अचानक विचारण्यात आले की, परवा निघता येईल काय? आत्ता निघते, असे ती म्हणाली.

आता सामान बांधण्याचा प्रश्न आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिंप्याकडे गेली आणि तीन महिने रोज अंगावर घातला तरी टिकेल असा एक पोशाख तिने संध्याकाळपर्यंत शिवून घेतला. निळ्या बनातीचा तो पोशाख, वर एक जाड चौकड्यांचा लांब कोट, आणि बाकीचे सारे पिशवीत. प्रवासी टोप्या दोन, तोंडावर घ्यायचे जाळीदार बुरखे तीन, सपातांचा एक जोड, दौत, टाक, पेन्सिली आणि कागद. सुया, दोरा आणि टाचण्या. घरात घालायचा झगा, एक पातळ डगला, पाण्याची छोटी बाटली आणि पेला, आतले कपडे, हातरुमाल आणि चेहऱ्याला लावायच्या मलमाची एक बरणी. या बरणीने तिला प्रवासभर छळले. पिशवी मिटू लागली की बरणी नेमकी आड येई. उन्हाळी हवेसाठी तिने आणखी एक हलका पोशाख शिवून घेतला होता. पण तो काही केल्या मावेना. एक तर दुसरी पिशवी घ्यायची, नाही तर पोशाख टाकायचा. तिने पोशाख टाकला आणि त्याऐवजी एक जुनी रेशमी चोळी कशीबशी कोंबली.

दोनशे पौंड तिच्याजवळ होते. सोन्याची नाणी खिशात, आणि नोटा मऊ कातड्याच्या थैलीत गळ्याभोवती बांधलेल्या. पिस्तूलही बरोबर घे, असा सल्ला कोणीतरी दिला. तो तिने मानला नाही. आपण नीट वागलो तर गरज पडेल तेथे मदतीला माणसे भेटतीलच, असा तिचा विश्वास होता. त्या पिशवीत पिस्तुलाला जागा नव्हती, याचे खरे कारण मला या विश्वासात दिसते.

१४ नोव्हेंबर १८८९ रोजी सकाळी न्यूयॉर्कसमोरील होबोकेनच्या धक्क्यावरून तिची बोट सुटली. इंग्लंडला उतरल्यावर झोपेचे खोबरे करून तिने फ्रान्समधील आमियाँ गाठले आणि व्हर्नची भेट घेतली. वृद्धत्वाकडे झुकलेल्या त्या लेखकाने विचारले की, माझ्या नायकाप्रमाणे तुम्ही मुंबईला का जात नाही? त्या कादंबरीचा नायक हिंदुस्थानातून जाताना एका तरुण विधवेला सतीच्या चितेवरून सोडवतो, हे श्रोत्यांना आठवत असेल. मला विधवा वाचवण्यापेक्षा वेळ वाचवण्याची अधिक चिंता आहे, अशा आशयाचे उत्तर नेलीने हसत हसत दिले. मुंबई उजवीकडे टाकून नव्हे, टाळूनच ती ब्रिंडिसी, सुएझ, एडन या मार्गाने कोलंबोला गेली, आणि पुढे पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग व योकोहामा अशी बंदरे घेत सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. २५ जानेवारी १८९० रोजी तिची फेरी पुरी झाली. लागलेला काळ बहात्तर दिवस, सहा तास आणि काही मिनिटे!

सामानाने तिला एकदाही थांबवले नाही. कोलंबोला पाच दिवस खोळंबा झाला, तो पुढच्या बोटीमुळे. हाँगकाँगला एका सरकारी मेजवानीचे आमंत्रण आले, तेव्हा योग्य पोशाख नसल्याची तेवढी एक खंत वाटली. पण एक मेजवानी चुकली, यापेक्षा अधिक काही बिघडले नाही. उलट तिनेच आपल्या सामानात भर घातली. सिंगापूरला तिने एक माकड विकत घेतले आणि ते घेऊन ती घरी परतली. पिशवीच्या हिशेबात न बसणारी वस्तू प्रवासात कोठे ना कोठे मोह घालतेच!

तरीही इतिहासाने पिशवीला अवास्तव श्रेय देऊ नये. त्याच दिवशी एलिझाबेथ बिसलंड ही दुसरी लेखिका न्यूयॉर्कहून उलट दिशेने निघाली होती. तिच्याबरोबर ट्रंक होती, तरी तीही शहात्तर दिवसांत परतली. तिला उशीर झाला तो वेगवान बोट चुकल्यामुळे. नेलीसाठी मात्र अमेरिकेत बर्फाने अडलेला मार्ग टाळून खास गाडी सोडण्यात आली होती. शिवाय नेलीची पिशवी हलकी का राहिली, हेही पाहावे. तिनेच लिहून ठेवले आहे की, बोटीवरील खलाशी कपडे धुऊन देत, पूर्वेच्या बंदरांतूनही धुण्याची सोय झटपट होई. कपडे धुता येणार नाहीत असा आगगाडीचा सलग प्रवास दोन-चार दिवसांचाच काय तो होता. म्हणजे तिने जे बरोबर घेतले नाही, ते वाटेवरचे धोबी, हमाल, खलाशी आणि भट्टीत कोळसा ओढणारे मजूर यांनी वाहिले. प्रवाशाचे ओझे नाहीसे होत नाही. पुष्कळदा ते केवळ दुसऱ्याच्या खांद्यावर जाते.

आणि येथे मला आपल्याकडच्या एका स्त्रीची आठवण होते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, १८८६ साली तेथून अमेरिकेला गेल्या, आणि प्रशांत महासागर ओलांडून जपानमार्गे १८८९ च्या आरंभी मुंबईला परत आल्या. नेली निघण्याच्या काही महिने आधीच त्यांची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली होती. तिला दिवस मोजणारे कोणी नव्हते. सहा वर्षे लागली होती. परत येताना अमेरिकेतील बालशिक्षणाच्या नव्या पद्धतीचे ज्ञान आणि बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाचे दहा वर्षे साहाय्य करण्याचे अभिवचन त्यांनी बरोबर आणले होते. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, ते तरुण विधवांसाठी.

एकीने विधवा वाचवायला वेळ नाही म्हणून मुंबई टाळली. दुसरी, स्वतः विधवा, त्याच कामासाठी जगाला वळसा घालून मुंबईला आली. यात नेलीला उणे लेखण्याचा माझा हेतू नाही. स्त्रीला सामानाशिवाय आणि संरक्षकाशिवाय जग फिरता येत नाही, हा समज तिने एका हातपिशवीने खोटा ठरवला, आणि हे तिचे ऋण तिच्यामागून एकट्या निघालेल्या प्रत्येक स्त्रीवर आहे. पण लांबच्या प्रवासाची पिशवी भरताना काय टाकावे, हे जसे नेलीकडून शिकावे, तसे परतताना तीत काय असावे, हे रमाबाईंकडून शिकावे. पिशवीत थोडी जागा रिकामी ठेवायची असते, ती त्यासाठी.