पलटणीमागचे घर

आपल्या समाजाचा सैनिकी इतिहास रणांगणावर सुरू होतो आणि तेथेच संपतो. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई आणि तेथील स्तंभावरची २२ महार नावे आपल्याला पाठ आहेत. पण त्या २२ जणांची चूल मागे कोणी पेटती ठेवली? हा प्रश्न प्रस्थापित इतिहासकारांना पडला नाही. आपणही तो विचारलेला नाही.

कंपनीच्या पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शाळा होती. छावणीतल्या बाईला गावकुसाबाहेरच्या जिण्यातून थोडी सुटका होती. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केले. हे अर्ज आपण नोकरीची मागणी म्हणून वाचतो. परंतु पलटणीबरोबर शाळा आणि पेन्शनही गेली होती. म्हणून ती घराचीही मागणी होती.

बाप दूर असला की काय होते, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. निवृत्त सुभेदार रामजी नोकरीनिमित्त गोरेगावी होते. आई वारलेली, मुले साताऱ्यास आत्याजवळ. १९०१ साली ही मुले बापाला भेटायला निघाली. येत असल्याचे पत्र शिपाई द्यायला विसरला. मसूर स्टेशनात जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकली. रात्रभर पाणी मिळाले नाही. सुभेदाराच्या मुलांची ही गत, तर साध्या शिपायाच्या घराची काय असेल?

१९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. तिची दुसरी पलटण कामठीस. वऱ्हाड-नागपूरचा तरुण वर्दीत गेला. त्याची बायको मात्र महारवाड्यातच राहिली. कापूस वेचायला जायचे, मनिऑर्डरीवर अंगठा उठवायचा आणि नवऱ्याचे पत्र परक्याच्या तोंडून ऐकायचे. उत्तरही परक्याच्याच हातचे; मग मनातले सांगायचे किती? मध्यमवर्गीय साहित्याने या ताटातुटीला विरह म्हटले. आपल्या बाईला नवरा नसणे म्हणजे जातीला एकटीने तोंड देणे होते. अक्षर हे तिचे पहिले शस्त्र होते.

युद्ध चालू असतानाच, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी या मागण्या तेथे झाल्या. घर एकटीने चालवणाऱ्या बाईला या मागण्यांचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नसेल.

आज फोन आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तरी जवान सरहद्दीच्या ठाण्यावर गेला की कुटुंब मागेच राहते. शेत, शाळा, कर्ज आणि म्हातारी माणसे बाईच्या अंगावर पडतात. यवतमाळ, पुसद, वणीकडच्या घरांत जुन्या पत्र्याच्या पेट्या असतील, त्यांत पत्रे आणि मनिऑर्डरीच्या पावत्या असतील. त्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी आपल्या विद्यार्थ्यांनी वाचाव्यात. म्हाताऱ्या बायकांना विचारावे, लिहून घ्यावे. स्तंभावर नावे कोरणारे कोरून गेले. या नावांची नोंद आपल्यालाच करायची आहे.