फुप्फुसाभिसरणाचा शोध

हृदयाच्या उजव्या निलयातील (खालच्या कप्प्यातील) रक्त मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून डाव्या निलयात झिरपते, हे गेलेन (सु. १२९–सु. २१६) यांचे मत यूरोपात सोळाव्या शतकापर्यंत प्रमाण मानले जात होते. कैरो येथील वैद्य इब्न अल्-नफीस यांनी मात्र इब्न सीना यांच्या शारीरविषयक विवेचनावरील १२४२ च्या भाष्यात ते नाकारले. पडद्याला छिद्रे नाहीत. रक्त फुप्फुसांत जाऊन, हवेशी मिसळून मगच डावीकडे येते, असे त्यांनी प्रतिपादिले. या भाष्याचे हस्तलिखित बर्लिन येथे १९२४ मध्ये उजेडात आले. मायकेल सर्व्हीटस यांनी हेच मत १५५३ मध्ये मांडले. पण ते एका धर्मशास्त्रीय ग्रंथात. त्यातील धर्ममतांपायी (रक्ताविषयीच्या मतापायी नव्हे) त्याच वर्षी त्यांना जिनीव्हा येथे जिवंत जाळण्यात आले. ग्रंथाच्या तीनच मूळ प्रती आज ज्ञात आहेत. साहजिकच हा विचार यूरोपात पसरला तो रेआल्दो कोलंबो यांच्या १५५९ मधील ग्रंथामुळे. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये संपूर्ण रक्ताभिसरण मांडले. तथापि रोहिण्यांतून नीलांत रक्त कसे जाते, हे त्यांना दाखविता आले नाही. त्या केशवाहिन्या मार्चेल्लो मालपीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या. हार्वी त्यापूर्वी चार वर्षे निवर्तले होते.