दगडातलं दार, लाकडातलं दार

हुबळीहून धारवाडकडे निघालं की उणकल लागतं. तलावापाशी गर्दी असते, पण वस्तीत दडलेलं चंद्रमौळेश्वराचं देऊळ बहुतेकांचं पाहायचं राहून जातं. ज्याला जुन्या वाड्यांचं वेड आहे त्याने तिथे जायलाच हवं. वाड्याच्या दाराचं कूळ अशाच देवळांत सापडतं, असं मला ठामपणे वाटतं.

देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. आत चतुर्मुख लिंग, गाभाऱ्याला चारी दिशांना दारं. चालुक्यांच्या दारात कोरीव शाखांच्या पट्ट्या एकीला लागून एक उभ्या असतात, खाली उंबरा, वर मधोमध ललाटबिंब. तिथे बहुधा गजलक्ष्मी बसलेली. बदामी-ऐहोळेचा वालुकाश्म मागे टाकून या काळातले कारागीर क्लोराइट शिस्टकडे वळले होते. हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. लक्कुंडीचे चरकावर फिरवल्यासारखे गुळगुळीत खांब त्यातूनच घडले.

घाटमाथ्यावर आलो की दगडाचा स्वभावच बदलतो. काळा बेसॉल्ट छिन्नीला दाद देत नाही. अंबरनाथच्या देवळात 1060 मध्ये तोही अप्रतिम कोरला गेला, पण ते देवाचं काम होतं. घर बांधणाऱ्याने दगड जोत्याला आणि तटाला ठेवला आणि कोरीवकाम लाकडाकडे सोपवलं. शनिवारवाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 ला घातला गेला. त्याच्या तटात खाली दगड, वर वीट. 1828 च्या आगीत आतले लाकडी मजले जळाले, तट आणि दरवाजे उरले. बाजीराव दुसऱ्याच्या विश्रामबागवाड्यात सुरूदार लाकडी खांब आहेत. ते वळण मोगली.

चौकट मात्र जुन्या वळणाचीच राहिली. शाखा सागवानात आल्या, उंबरा टिकला, ललाटबिंबाच्या जागी गणेशपट्टी आली. पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेने 1791 मध्ये धारवाडचा किल्ला घेतला, तेव्हा पुण्याकडच्या कारभाऱ्यांना इथल्या देवळांची दारं परकी वाटली नसावीत.

आता वाडा पाडायला घेतला की आधी चौकट उचकटतात. ती जुन्या लाकडाच्या बाजारात जाते आणि गणेशपट्टी एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर चढते. निदान त्याआधी कुणीतरी तिचं मोजमाप घ्यावं, फोटो काढावा, गावाचं नाव लिहून ठेवावं.