वेग कशाच्या प्रमाणात वाढतो?

एक साधे उदाहरण घेऊ. स्थिर उभी असलेली मोटारसायकल निघाली आणि तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद या प्रमाणात वाढत गेला. ५ सेकंदांत ती किती अंतर जाईल? सूत्र पाठ असलेला विद्यार्थी २५ मीटर हे उत्तर लगेच देतो. शेवटचा वेग १० मीटर प्रति सेकंद, हेही तो सांगतो. आता त्याला विचारा, की बरोबर निम्मे, म्हणजे १२.५ मीटर अंतर झाले तेव्हा तिचा वेग किती होता? पुष्कळ मुले ‘५’ म्हणतील. निम्मे अंतर, म्हणून निम्मा वेग!

उत्तर चूक आहे. त्या क्षणी वेग ७ मीटर प्रति सेकंदाहून थोडा जास्त असतो. निम्मा वेग निम्म्या वेळेला, म्हणजे अडीच सेकंदांनी असतो आणि तोवर गाडी फक्त सव्वासहा मीटर गेलेली असते. पण ‘५’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला खाली बसवण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १६०४ साली खुद्द गॅलिलिओचे मत हेच होते.

या प्रश्नाचा इतिहास गॅलिलिओच्याही बराच मागे जातो. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील काही विद्वान बदलांचा विचार गणिताने करू लागले होते. त्यांच्यापैकी विल्यम हेट्सबरी याने १३३५ साली एक नियम मांडला. वेग एकसारखा वाढत असेल, तर कापलेले अंतर हे तेवढ्याच काळात मधल्या क्षणाच्या वेगाने एकसमान चालून कापलेल्या अंतराइतकेच असते. आपल्या मोटारसायकलचा मधला वेग ५, काळ ५ सेकंद, म्हणून अंतर २५ मीटर. पुढे पॅरिसमध्ये निकोल ओरेम याने हाच नियम आकृतीने दाखवला. आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषांनी वेग. वाढत्या वेगाचा त्रिकोण आणि मधल्या वेगाचा आयत यांची क्षेत्रफळे सारखी भरतात. आज आपण फळ्यावर काढतो तो वेग-काळ आलेख याच कुळातला आहे.

मग गॅलिलिओसाठी उरले काय? उरला तो सर्वांत अवघड भाग. मर्टनच्या विद्वानांचा नियम कल्पनेतल्या गतीचा होता. वर सोडलेला दगड प्रत्यक्षात असाच पडतो, असा त्यांचा दावा नव्हता. सोळाव्या शतकाच्या मध्यास स्पेनमधील दोमिंगो दे सोतो याने पडत्या वस्तूंचा वेग असा वाढतो असे म्हटले खरे, पण मोजून पाहिले नाही.

गॅलिलिओने १६ ऑक्टोबर १६०४ रोजी व्हेनिसच्या पाओलो सार्पी यांना पत्र लिहिले. समान कालखंडांत पडणारी वस्तू १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात अंतरे कापते, हे त्यात आहे. आपल्या मोटारसायकलवर ताळा करून पाहा. पहिल्या सेकंदात १ मीटर, मग ३, ५, ७, ९, बेरीज २५. नियम अचूक होता. पण त्याच्या मुळाशी कोणते तत्त्व आहे हे सांगताना त्याच पत्रात गॅलिलिओने लिहिले, की वेग हा कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो!

ही चूक आळसाची नव्हती. अंतर डोळ्यांना दिसते, वीत लावून मोजता येते. काळ दिसत नाही. शिवाय दुप्पट उंचीवरून टाकलेले वजन मेख दुप्पट ठोकते, हा कारागिरांचा अनुभव गॅलिलिओसमोर होता. अनुभव खरा आहे, पण आघाताचा परिणाम वेगाच्या नव्हे, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हे कळायला पुढे अनेक दशके लागली.

वेग अंतराच्या प्रमाणात मानला तर काय बिघडते? सुरुवातीला अंतर शून्य, म्हणून वेग शून्य. वेग शून्य, म्हणून अंतर वाढणार नाही. दगड हातातून सुटूनही जागचा हलणार नाही! काळाचे तसे नाही. तो कोणासाठी थांबत नाही, म्हणून वेग वाढू लागतो. ‘समान काळात वेगाची समान वाढ’ ही व्याख्या अशी निवडावी लागली.

ही व्याख्या १६३८ साली लायडन येथे छापलेल्या ‘दोन नवी शास्त्रे’ या संवादरूपी ग्रंथात आली. तोवर गॅलिलिओ नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. ग्रंथातला साग्रेदो हे पात्र अंतराचीच व्याख्या सुचवते, तेव्हा साल्व्हियाती त्याला धीर देतो, की आपले ग्रंथकारही काही काळ याच समजुतीत होते.

प्रयोगही तेथेच दिला आहे. सुमारे १२ हात लांबीची तिरपी तुळई, तिच्यात चर्मपत्राने मढवलेली गुळगुळीत खाच आणि पितळेसारख्या कठीण धातूची, कांशाची गोळी. घड्याळ म्हणून पाण्याचे मोठे भांडे. बारीक धारेतून पेल्यात जमलेले पाणी तोलायचे, ते वजन म्हणजे काळ. पाव लांबीला बरोबर निम्मा काळ लागला. विसाव्या शतकात अलेक्झांडर कॉयरे या इतिहासकाराने या प्रयोगाच्या अचूकतेबद्दल शंका घेतली. १९६१ साली थॉमस सेटल याने तशाच साधनांनी प्रयोग पुन्हा करून दाखवला, तेव्हा तो चांगला जमला.

आपले सूत्र मात्र गॅलिलिओने कधी लिहिले नाही. अंतराला काळाने भागणे त्या काळच्या भूमितीला मान्य नव्हते. गुणोत्तर एकाच जातीच्या राशींचे घ्यायचे असा दंडक होता. गतीला कलनशास्त्राच्या चिन्हांत बसवण्याचे काम १७०० सालच्या सुमारास पिएर व्हारिन्यों याने केले.

म्हणून आम्हाला वाटते, की सूत्राआधी वर्गात हा प्रश्न यावा: वेग कशाच्या प्रमाणात वाढतो, अंतराच्या की काळाच्या? मुलांना दोन्ही बाजूंनी वाद घालू द्यावा. मग पडद्याच्या अॅल्युमिनियम पट्टीचे एक टोक थोडे उचलून खाचेतून गोटी सोडावी. सुरुवातीपासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर खाचेवर बारीक दोरे आडवे ताणून बांधावेत, गोटी त्यांना घासून जाईल इतके. टक्, टक्, टक्, टक् असे आवाज सारख्या अंतराने येतात की नाही, ते मुलांनीच टाळ्यांच्या ठेक्यावर ताडून पाहावे. कान हे फार चांगले घड्याळ आहे. त्यानंतर फळ्यावर येणारे सूत्र मुलांना परके वाटणार नाही.