चवली, पावली आणि ट्रामचे भाडे

पूर्वीच्या स्वस्ताईचा विषय निघाला की आपल्या ज्ञातीतील वडीलधारी मंडळी चवली-पावलीची आठवण हटकून काढितात. परंतु ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा कुलाबा ते पायधुणी भाडे ३ आणे होते. रुपयाचा जवळजवळ पाचवा भाग; त्यास स्वस्त कसे म्हणावे? पुढे ते २ आण्यांवर आले.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. चवलीचे खरे मोल साडेबारा नवे पैसे. कोष्टकात मात्र १२ च धरिले. जाता-येता चवली-चवली निरनिराळी दिल्यास २४, एकदम पावली दिल्यास २५! काटकसरी गृहिणींच्या नजरेतून हे सुटले नसावे.

३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. पावलीची जागा घेणारे २५ पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून चलनातून गेले. मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे १० रुपये झाले. जुन्या हिशेबाने १६० आणे.